एकोणतीस शतांश सेकंद

"मॅडम, लाकडं आधी मिटत्यात, आवाज मागनं येतोय," मायाक्का म्हणाली.

ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती, उजवा पाय पुढे पसरून. टाचेला फोड आला होता म्हणून बिराजदार सरांनी त्या दिवशी तिला पळायला बंदी केली होती. शंभर मीटर पलीकडे, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, सर दोन लाकडी फळ्या हातात धरून उभे होते. त्या एकमेकींवर आपटल्या की मुली सुटायच्या. मी शेवटच्या रेघेवर उभी राहून घड्याळ लावायची.

"ते बघा, आता," ती म्हणाली.

सरांचे हात मिटले. दोन मुली उठल्या. मग फळ्यांचा आवाज आला.

"आमी माळावर असलो की असंच हुतंय," मायाक्का म्हणाली. "पल्याडच्या टेकावर कोण बाभळ तोडत असलं की कुऱ्हाड खाली गेलेली दिसती, खट्ट मागनं येतंय."  मग फोडाकडे बघत तिनं विचारलं, "तुमी बटण कवा दाबता मॅडम? दिसल्यावर का ऐकल्यावर?"

पळत आलेल्या दोघी माझ्यासमोरून गेल्या. मी घड्याळ थांबवायचं विसरले.

जत तालुक्यातल्या तिकोंडवाडीच्या हायस्कुलात मी तेव्हा विज्ञान शिकवत होते. कोल्हापूरहून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाले होते, सव्वीस वर्षांची होते आणि खेळाशी माझा काडीचा संबंध नव्हता. शाळेत स्टॉपवॉच एकच होतं. ते लंबकाच्या प्रयोगासाठी घेतलेलं, प्रयोगशाळेच्या नोंदवहीत माझ्या ताब्यात. सर मागायला आले तेव्हा मी म्हणाले, घड्याळ बाहेर जाणार असेल तर मीही बरोबर येईन. अशी मी मैदानावर आले आणि दीड वर्ष तिथेच राहिले.

दीड वर्ष मी आवाज ऐकून बटण दाबत होते. त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात ध्वनीचा धडा झाला होता. वीज चमकल्यावर पाच सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज किती अंतरावर पडली? अठ्ठेचाळीस मुलांनी हे गणित बरोबर सोडवलं होतं.

मी प्रयोगशाळेत गेले, दार लावलं आणि स्वतः सोडवलं. आवाज सेकंदाला साधारण तीनशे पंचेचाळीस मीटर जातो. शंभर मीटरला शून्य पॉइंट एकोणतीस सेकंद. म्हणजे मी घड्याळ सुरू करायच्या आधी एकोणतीस शतांश सेकंद मुली पळत असायच्या. वहीत मायाक्काची सर्वांत चांगली वेळ बारा पॉइंट सहा होती. खरी वेळ बारा पॉइंट नऊ.

पुण्यातल्या राज्य निवड चाचणीचा अर्ज माझ्या टेबलावर होता. त्यात लिहिलं होतं, सतरा वर्षांखालील मुली, शंभर मीटर, बारा पॉइंट आठ किंवा त्याहून कमी. खाली दोन सह्या. एक क्रीडाशिक्षकाची, एक वेळ घेणाऱ्याची. वीस डिसेंबरला तो पोस्टात पडायला हवा होता. त्या दिवशी अकरा तारीख होती.

तो कागद मायाक्कासाठी काय आहे हे सगळ्या शाळेला माहीत होतं. तिचे वडील, बापू हिप्परकर, दिवाळी झाल्या झाल्या मेंढरं घेऊन कोल्हापूरच्या बाजूला गेले होते, दरवर्षी जातात तसे. तिला या वर्षी गावात आत्याकडे ठेवलं होतं, पण अटीवर. संक्रांतीपर्यंत पुण्याचं बोलावणं आलं तर ठीक. नाही आलं तर चुलते येऊन तिला वाड्यावर घेऊन जाणार. वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम. तिथे गेलेली मुलगी दहावीला परत बसत नाही. त्याच्याही पुढचं आत्या बोलून दाखवत होती. स्थळ आटपाडीकडचं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांना सांगितलं. मल्लाप्पा बिराजदार हे एके काळचे कबड्डीपटू, दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतील असा माणूस. त्यांनी माझं गणित शेवटपर्यंत ऐकलं. मग डबा बंद केला.

"कुणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच."

"मग इथंच ठेवा. मॅडम, सगळ्या जिल्ह्यात घड्याळं आवाजावरच लावत्यात. त्यांनी तो बारा-आठचा आकडा ठेवलाय तोच असल्या घड्याळांच्या हिशोबानं. आपण एकट्यानं खरं लिहायचं म्हंजे सगळ्यांनी टाचा उंच केल्या असताना आपण वाकून उभं राहायचं."

"तसं असेलही. पण वेळ मी घेतली म्हणून सही मी करणार."

"करा की! पोरगी पुण्यात जाऊ दे. तिथं पळंल न्हायतर न्हाय पळणार."

"आणि आपण तिला सांगायचं काय?"

"काय बी न्हाय." ते उठले. "तुमच्या फिजिक्सनं एका मिनिटात पोरीचं तीन दशांश कापलं. मला ते मिळवायला वर्ष लागंल."

त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. तरी संध्याकाळी मी मायाक्काला विहिरीच्या कठड्याजवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं. अंक जमिनीवर काडीनं लिहून दाखवले. ती रडेल असं मला वाटलं होतं.

तिनं अंकांकडे पाहिलं. "म्हंजे एक दशांश कमी पडतंय."

"हो."

"एक दशांश म्हंजे किती? जमिनीवर?"

"तुझ्या वेगानं ऐंशी सेंटीमीटर."

तिनं हात पसरून अंतर धरलं, थोडं कमी केलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या हातांमधल्या जागेकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"सात दिस हायत," ती म्हणाली. "मग उद्यापास्नं बघून लावा घड्याळ."

हे कळल्यावर सर त्या संध्याकाळी माझ्याशी बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी फळ्यांच्या आतल्या बाजू चुन्यानं पांढऱ्या रंगवून आणल्या. मिटल्या की पांढरं नाहीसं होतं, लांबून स्पष्ट दिसतं. "बघा आता तुमच्या डोळ्यांनी," एवढंच म्हणाले.

दिवसाला एकच पूर्ण शर्यत, हा सरांचा नियम. जास्त पळवलं तर पाय मरतात. हातानं घेतलेली वेळ नेहमी वरच्या दशांशात लिहितात, हा कागदावरचा नियम. बारा एक्क्याऐंशी आलं तरी लिहायचं बारा पॉइंट नऊ. म्हणजे घड्याळावर बारा ऐंशी किंवा त्याखाली दिसायला हवं होतं.

पहिल्या दिवशी बारा एक्क्याण्णव. दुसऱ्या दिवशी बारा सत्त्याऐंशी. तिसऱ्या दिवशी वारा समोरून होता, बारा त्र्याण्णव. मायाक्का रेघ ओलांडून वळायची आणि माझ्या तोंडाकडे न बघता थेट विचारायची, "किती?" मी सांगायची. ती "बरं" म्हणून चपला घालायची.

चौथ्या दिवशी पुन्हा बारा सत्त्याऐंशी आले. सगळे गेल्यावर मी टेप घेऊन मैदानात बसले. मला धावणं कळत नव्हतं, पण मोजणं कळत होतं. मातीत तिच्या पावलांचे ठसे होते. साठ मीटरपासून प्रत्येक दोन ठशांमधलं अंतर मी वहीत लिहीत गेले. एक मीटर शहाऐंशी, सत्त्याऐंशी, शहाऐंशी. नव्वद मीटरनंतर एक ब्याऐंशी. मग एक शहात्तर. शेवटचं पाऊल एक अडुसष्ट.

मी मान वर केली. समोर शाळेच्या कंपाउंडची दगडी भिंत होती. रेघेपासून भिंत सहा मीटर.

मैदान तेवढंच होतं. सुरुवातीच्या रेघेमागे विहीर, शेवटच्या रेघेपुढे भिंत. तिरपं पळावं तर मध्ये झेंड्याचा चौथरा. दीड वर्ष सगळ्या मुली त्या भिंतीसमोर थांबायला शिकल्या होत्या आणि कुणालाच ते शिकवलं गेल्याचं माहीत नव्हतं.

"मी थांबत न्हाय," सकाळी मायाक्का ठामपणे म्हणाली. मी ठसे दाखवले. ती उकिडवी बसून एकेका ठशात बोटं घालत गेली. मेंढरांचा माग काढणारी मुलगी, तिला जास्त समजवावं लागलं नाही. "टाच आधी टेकलीय," ती हळूच म्हणाली. "थांबतीय व्हय मी."

सर कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत होते. मी म्हणाले, भिंतीला कडब्याच्या पेंढ्या लावून बघू या.

"कडबा कशाला? मी हाय की." त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "कबड्डीत आख्खी आख्खी माणसं धरलीत. सिद्राम, फळ्या तू घे."

सिद्राम म्हणजे शाळेचे शिपाई. घंटेचा हात असल्यामुळे फळ्या त्यांनी सरांपेक्षा चांगल्या वाजवल्या.

सर भिंतीच्या पुढे दोन मीटरवर पाय रोवून, हात पसरून उभे राहिले. मायाक्का आली, रेघेवर आली, आणि पुन्हा थांबली. त्यांच्या हाताला नुसती टेकली. बारा पंच्याऐंशी.

"काय गं ए?" सर ओरडले. "आता काय झालं?"

"तुमास्नी लागंल सर."

"मला? तू काडी एवढी! मला काय, शेळी धडकल्यागत वाटंल."

"मेंढी म्हणा सर. शेळ्या न्हाईत आमच्यात."

सिद्राम हसून हसून खोकायला लागले. पण सर हसले नाहीत. तिच्या जवळ येऊन खाली वाकले. "बघ मायाक्का. मॅडमच्या सहीवर माझा भरवसा न्हाय, त्या खोटं लिहीत न्हाईत. म्हंजे आता तुझ्या पायावरच भागवाय लागणार. उद्या माझ्याकडं बघू नको. माझ्या मागं माळ हाय असं समज."

सहाव्या दिवशी बारा ब्याऐंशी.

त्या दिवसाबद्दल मला एक गोष्ट लिहायला हवी. घड्याळ माझ्या मुठीत होतं आणि आकडा मी एकटीनंच पाहिला होता. अंगठ्याची प्रतिक्रिया दोन शतांशाहून जास्त चुकते. दोन शतांश म्हणजे सोळा सेंटीमीटर, एक वीत. ऐंशी म्हणाले असते तर ते मोजमापाच्या त्रुटीच्या आतच बसलं असतं, आणि हे वाक्य मी कुठल्याही परीक्षकासमोर सिद्ध करून दाखवलं असतं. मायाक्का वळली. "किती?"

"बारा ब्याऐंशी."

"बरं," ती म्हणाली. पण या वेळी चपला घालायला वाकली नाही. भिंतीकडे बघत उभी राहिली.

एकोणीस तारखेला संध्याकाळी मैदानावर आम्ही चौघंच होतो. सरांनी त्यांच्या बायकोची जुनी गोधडी आणून छातीला दोरीनं बांधली होती. दिसायला ते भयंकर दिसत होते. मायाक्कानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तोंडावर हात ठेवला, मग गंभीर झाली. जाताना माझ्याजवळ थांबली.

"मॅडम, आज तुमी बी माझ्याकडं बघू नका. रेघेकडंच बघा."

"मी रेघेकडेच बघते."

"न्हाय. परवा माझ्याकडं बघत हुता."

ती चालत पलीकडे गेली. सिद्राममामांनी फळ्या उघडल्या. पांढरं दिसलं. पांढरं गेलं. मी बटण दाबलं आणि नजर रेघेवर आणली, चुन्याच्या त्या चार बोटं रुंद पट्ट्यावर, आणि तिथेच ठेवली. पावलांचा आवाज मोठा होत आला. नेहमी शेवटी त्या आवाजाची लय सैल पडायची. या वेळी पडली नाही. माझ्या नजरेतून काहीतरी निळं आरपार गेलं, अंगठा दाबला गेला, आणि लगेच डाव्या बाजूला दळणाचं पोतं गाडीवरून पडावं तसा आवाज झाला.

सर पाठीवर पडले होते, डोकं भिंतीपासून हातभर. मायाक्का त्यांच्यावरून बाजूला घरंगळली होती आणि गुडघ्यावर बसून त्यांना हलवत होती. "सर! सर, लागलं का? सर!"

सरांचा उजवा खांदा विचित्र खाली आला होता. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी डावा हात उचलला, तिला बाजूला केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बोला की ओ," ते म्हणाले.

मी घड्याळ सिद्राममामांना दाखवलं, मग मायाक्काला, मग खाली बसून सरांच्या डोळ्यांसमोर धरलं. बारा अठ्ठ्याहत्तर.

"वरच्या दशांशात..." मी म्हणाले.

"कळतंय मला," सर म्हणाले, आणि मग पहिल्यांदा कण्हले.

खांद्याचं हाड मोडलं होतं. जतला जीपमधून नेताना त्यांनी अर्ज मागवून घेतला आणि डाव्या हातानं सही केली. पोस्टमास्तरांनी विचारलं, ही सही कुणाची, लहान पोराची?

पुण्याचं बोलावणं संक्रांतीच्या चार दिवस आधी आलं. चुलते आले होते, ते कागद बघून चहा पिऊन परत गेले. सरांचा हात गळ्यात होता, म्हणून फेब्रुवारीत मायाक्काबरोबर मी गेले.

मायाक्का पुढे देशाच्या संघातून धावली, रिलेमध्येही आणि एकटीही. ते सगळं पेपरात आलेलं आहे. मला लिहायचंय ते पुण्याच्या त्या दिवसाचं.

चौसष्ट मुलींत कागदावरच्या वेळेप्रमाणे मायाक्काचा क्रमांक एकसष्टावा होता. कागदावर बारा-दोनच्या, बारा-तीनच्या मुली होत्या. तिला शेवटच्या गटात कडेची लेन मिळाली. वेळ यंत्र घेत होतं, पिस्तुलाला तार जोडलेली, शेवटच्या रेघेवर कॅमेरा. आकडे मोठ्या फलकावर लागत होते. पहिल्या गटातली पहिली मुलगी तेरा पॉइंट शून्य आठमध्ये आली. फलकाकडे बघून ती मटकन खाली बसली. दुसऱ्या गटातल्या दोघी रडत बाहेर आल्या. मायाक्का उसन्या स्पाइकच्या नाड्या बांधत होती. तिनं फलकाकडे एकदाच पाहिलं. तो आकडा तिच्या ओळखीचा होता.

गटात ती पहिली आली, बारा सत्त्याण्णव. दुपारी फायनलला बारा चौऱ्याण्णव, तिसरी. पहिल्या तिघींना राष्ट्रीय शिबिराचं पत्र.

आम्ही प्रमाणपत्रासाठी मांडवात थांबलो होतो. टेबलाशी एक शिक्षक तावातावानं भांडत होते. "यंत्र बिघडलंय तुमचं! माझी पोरगी बारा-दोन पळते. मी स्वतः उभा असतो घड्याळ घेऊन!" त्यांची मुलगी मागे उभी होती, मान खाली घालून.

मायाक्कानं लाडवाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "त्यास्नी कुणी सांगितलं न्हाय वाटतं," ती हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे वळले. तिच्या आवाजात काहीतरी होतं. "मायाक्का, तुझ्या हे कधी लक्षात आलं? फळ्यांचं?"

ती लाडू चघळत राहिली.

"त्या दिवशीच ना? टाचेला फोड होता तेव्हा?"

"न्हाय," ती म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीला."

"म्हणजे वर्षभर तुला माहीत होतं?"

"तवा तुमी मला पहिल्यांदा बारा-नऊ दिलं, मॅडम. खरं मी तेरा-दोनची हुते. सरांचा नेम हुता, तेराच्या आतली तेवढी पळायला, बाकीच्या कबड्डीत." तिनं बोटं परकराला पुसली. "मला कबड्डी आवडत न्हाय. कोण बी धरतंय."

 मी विचारलं, "मग त्या दिवशी का बोललीस? अर्ज जायला नऊ दिवस असताना?"

"आदल्या दिशी सरांनी कागद दाखवला मला. तोवर नुसती वही हुती." तिनं खांदे उडवले. "कागदावर तुमची सही लागत हुती."

टेबलावरून तिचं नाव पुकारलं गेलं. ती गेली, आणि प्रमाणपत्राबरोबर शिबिराचा छापील अर्ज घेऊन आली. गवतावर पालथी पडून तिनं तो स्वतः भरला. नाव, जन्मतारीख, वेळेच्या रकान्यात बारा पॉइंट नऊ चार. अक्षर ठसठशीत होतं. मग पेन थांबलं.

"पालकाची सही हाय हितं. बापू अंगठा करतोय. चालंल?"

"चालेल. पण तो दहा दिवसांत परत पाठवायचाय. आणि बापू आहेत कुठे?"

"कोल्हापूरच्या खाली कुठंतरी. ऊस तुटला आसंल तिकडं." तिनं अर्जाची घडी घातली, पुन्हा उलगडली, घडी अंगठ्याच्या जागेवर पडणार नाही अशी बघून नव्यानं घातली आणि माझ्या पिशवीत ठेवायला दिली.

"एवढ्या मुलखात शोधायचं कसं?" मी म्हणाले.

"त्यात काय मॅडम," स्पाइक काढून चपलांत पाय घालत ती म्हणाली, "दोनशे मेंढरं कुठं लपत्यात व्हय?"